परका कोण? प्राचीन ग्रीकांची दृष्टी

‘बार्बेरियन’ म्हणजे रानटी, असा अर्थ आपण शाळेत शिकलो. या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत आहे. परभाषिकांचे बोलणे ग्रीकांना ‘बर-बर’ असे ऐकू येई, म्हणून ते त्यांना ‘बार्बारोस’ म्हणत. आरंभी हा शब्द केवळ भाषेचा भेद सांगणारा होता. त्यात तुच्छता कशी शिरली, हे आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

इ. स. पू. ४९० व ४८०-४७९ मध्ये इराणच्या सम्राटांनी ग्रीसवर स्वाऱ्या केल्या. ग्रीकांनी त्या परतविल्या. या विजयानंतर ‘आम्ही स्वतंत्र, ते राजाचे दास’ ही भावना बळावली. इ. स. पू. ४५१ मध्ये पेरिक्लीसच्या कायद्याने, आई-वडील दोघेही अथेन्सचे असतील त्यालाच तेथील नागरिकत्व मिळू लागले. तेथे राहणारे परके, म्हणजे ‘मेटिक’, कर भरीत, सैन्यात लढत. पण मताचा हक्क त्यांना नव्हता. पुढे अ‍ॅरिस्टॉटलसारख्या थोर विचारवंताने ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात परकीय व गुलाम हे निसर्गतःच एक, असे प्रतिपादन केले. भाषेचा भेद अशा रीतीने जन्माचा भेद झाला.

सर्वच ग्रीक असे मानीत नव्हते. इतिहासकार हिरोडोटसने दरायस राजाची एक हकीकत दिली आहे. मृत वडिलांचे मांस खाण्यास ग्रीक कोणत्याही किमतीला तयार होईनात. आणि ते खाणारे कल्लाती नावाचे भारतीय लोक, प्रेत जाळण्याच्या नुसत्या कल्पनेने ओरडू लागले. प्रत्येकाला आपलीच रीत श्रेष्ठ वाटते, हा हिरोडोटसचा निष्कर्ष होय.

याच ग्रीकांचा, म्हणजे ‘योनां’चा, उल्लेख मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात येतो. ब्राह्मण वर्णच श्रेष्ठ, असे म्हणणाऱ्या तरुण अस्सलायनाला तथागत विचारतात : योन व कंबोज देशांत आर्य आणि दास असे दोनच वर्ण असून आर्याचा दास व दासाचा आर्य होतो, हे तू ऐकले आहेस काय? अस्सलायनाला होय म्हणावे लागते. अ‍ॅरिस्टॉटलने परक्यांकडे पाहून गुलामगिरी नैसर्गिक ठरविली. तथागतांनी परक्यांचेच उदाहरण देऊन वर्ण ही माणसाने केलेली व्यवस्था आहे, हे दाखविले.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट येथील यवनांची दाने कोरलेली आहेत. तेथे सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते लेख अवश्य पाहावेत. परका म्हणून ज्याला दूर ठेवावे, त्याचेही नाव तेथे इतर उपासकांच्या नावांबरोबरच आहे.