न मिटणारा कप्पा

मोटारीच्या डॅशबोर्डमधील ज्या कप्प्याला ग्लोव्ह बॉक्स म्हणतात, त्याचे नाव उघड्या गाड्यांच्या काळातील चालकांच्या हातमोज्यांवरून पडले असले, तरी इंदापूर तालुक्यात नीरेकाठी वसलेल्या निरवांगीसारख्या गावात त्यात राहतात ती आरसी, विमा आणि पीयूसीची कागदपत्रे. उसाच्या पट्ट्यातील कच्च्या रस्त्यांची धूळ आणि हादरे यांमुळे हा कप्पा मिटेनासा झाला, तर झाकण आपटण्यापूर्वी तो रिकामा करून मागे एखादा कागद अडकला आहे का, हे पाहावे. कारण दोष पुष्कळदा तेवढाच असतो.

कप्पा बंद राहतो तो खटक्यामुळे, म्हणजे समोरच्या कडीत अडकणाऱ्या स्प्रिंगच्या आकड्यामुळे. झाकण उघडे असतानाच आकडा मिटला असेल, तर मूठ ओढून तो मोकळा करावा. कडीचे स्क्रू सैल झाले असतील, तर कडी आकड्यासमोर नेमकी आणून ते आवळावेत. अनेक गाड्यांत एसीचा फिल्टर याच कप्प्यामागे असल्याने, तो बदलताना बाजूच्या अडण्या, म्हणजे झाकणाला ठरावीक मर्यादेपलीकडे उघडू न देणारे उंचवटे, कधी कधी खाचेत नीट बसत नाहीत, आणि ही चूक सहज नजरेतून सुटते. खटक्याला साधे तेल लावणे चुकीचेच, कारण त्यावर धूळ चिकटते. सिलिकॉनचा फवारा बरा.

१ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांत पुढील प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची असून ती सहसा याच कप्प्याच्या वर असते, म्हणून तेथे हातोडी चालवू नये आणि पिवळ्या आवरणाच्या तारांना हात लावू नये.