विहिरींची वही

दिवाळीत व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतो. भंडारा जिल्ह्यात, लाखनीच्या आसपासच्या गावांतून, याच सुमारास आणखी एक वही उघडली जाते. एक माणूस विहिरीच्या काठावर येतो, फीत आत सोडतो, पाणी किती खोल आहे ते टिपतो आणि पुढच्या गावाला निघतो. हळद नाही, कुंकू नाही. पण येत्या उन्हाळ्यात कोणत्या गावच्या घागरी रित्या राहतील, हे त्या आकड्यावरून ताडता येते.

हे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे. १९७२ साली, दुष्काळाच्या दिवसांत, ती जन्माला आली. ठरलेल्या विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा मोजायच्या आणि ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून टंचाईचा अंदाज द्यायचा, ही तिची रीत. जिल्ह्याच्या पथकाची धुरा वरिष्ठ भूवैज्ञानिकाकडे असते.

तुम्ही म्हणाल, भंडारा तर तळ्यांचा जिल्हा. तिथे पाण्याची कसली चिंता? प्रश्न रास्त आहे. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने येथे तळी बांधली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि ‘माजी मालगुजारी’ तलावांचे ‘मामा तलाव’ झाले. दुर्दैवाने बऱ्याच मामांच्या पोटात गाळ साचला आणि भाच्यांना त्यांची आठवण राहिली नाही! तळ्यातून झिरपणारे पाणी पाळीखालच्या विहिरींना मिळे, तेही आटत गेले.

त्यात येथला खडक हट्टी. पश्चिमेकडचा काळा पाषाण हा नव्हे. हे अतिप्राचीन, स्फटिकमय खडक. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. म्हणून एकाच्या बोअरला पाणी लागते, आणि शेजाऱ्याच्या बोअरमधून नुसती धूळ उडते.

पथकप्रमुखाची खरी कसोटी मात्र खडकापुढे नसते, माणसांपुढे असते. उन्हाळी धानाला पाणी हवे. त्यावर शेतकऱ्याचे कर्ज, मुलीचे लग्न अवलंबून. आणि तेच पाणी मे महिन्यात गावाला प्यायलाही हवे. दोघांचीही गरज खरी. अशा वेळी ग्रामसभेत उभे राहून, “जमिनीत शिल्लक एवढीच आहे,” असे शांतपणे सांगायला विद्येबरोबर छातीही लागते.

आपण वहीवर ‘शुभ-लाभ’ लिहितो. त्या वहीतला लाभ एकच : मे महिन्यात भरलेली घागर.