प्रश्नाला अवसर

बालवाडीतील मूल गोष्ट ऐकताना प्रश्न विचारीत नसेल, तर त्याचे कारण जिज्ञासेचा अभाव हे नसून, बहुधा आपण त्याला अवसरच देत नाही, हे असते. अमेरिकेतील संशोधिका मेरी बड रो यांना प्राथमिक शाळांतील विज्ञानाच्या तासांचे निरीक्षण करताना असे आढळले की, प्रश्न केल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात. आणि हीच प्रतीक्षा ३ सेकंदांवर नेली असता उत्तरे तर दीर्घ होतातच, परंतु मुले आपण होऊन प्रश्नही अधिक विचारू लागतात. हे निष्कर्ष त्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले.

म्हणून गोष्टीच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ दाखविल्यावर शिक्षिकेने क्षणभर निःशब्द राहावे आणि ‘हा ससा असा दडून का बसला असेल बरे?’ हे आपले कुतूहल, उत्तराची अपेक्षा न दर्शविता, मोठ्याने बोलून दाखवावे. कारण प्रश्न करण्याची रीत मूल प्रश्न ऐकूनच आत्मसात करते. प्रारंभी ते ‘मीपण ससा पाहिला’ असे विधानच करील (त्याचा अव्हेर करणे अत्यंत अनुचित होय), तेव्हा ‘त्या सशाला काय विचारशील?’ एवढे पुसावे आणि येईल तो प्रश्न मुलाच्याच शब्दांत, त्याच्या नावानिशी फळ्यावर दाखल करावा. ‘समजले ना?’ हा सवाल मात्र सर्वस्वी वर्ज्य मानावा. त्याला ‘हो’ याखेरीज जबाब क्वचितच मिळतो.