जंगलतोडीविरुद्ध गांवकऱ्यांचा दावा : व्हिक्टोरियांतील एक उदाहरण

वन तोडलें जात असतां हळहळणारे लोक प्रत्येक गांवीं असतात. परंतु न्यायासनापुढें हळहळ हा पुरावा होत नाहीं. महसूल खात्याच्या दप्तरांत आमची नोकरी गेल्यामुळें ही गोष्ट आम्हांस विशेष जाणवते. स्थळ, तारीख, मोजमाप आणि साक्षीदार हीं चार कागदावर असलीं, तर साधा खातेदारही बलाढ्य प्रतिपक्षापुढें उभा राहूं शकतो. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यांत याचें एक ठळक उदाहरण घडलें असून तें शेतकरीवर्गानें जाणून घेण्यासारखें आहे.

व्हिक्टोरियाच्या पूर्वेस ईस्ट गिप्सलँड नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील वनें बहुतांशीं निलगिरीच्या नाना जातींचीं आहेत. आपल्याकडे निलगिरी बाहेरून आणून लावलेली; तेथें ती मूळची, आणि कांहीं वृक्ष कित्येक शतकांचे. अशा वृक्षांच्या ढोल्यांत ग्रेटर ग्लायडर नांवाचा निशाचर प्राणी राहतो. आपल्या उडत्या खारीप्रमाणें तो झाडावरून झाडावर तरंगत जातो. ढोली पडण्यास शंभराहून अधिक वर्षें लागतात. म्हणून तोडीनंतर नवीं झाडें उगवलीं तरी या प्राण्यास घर मिळत नाहीं.

शेतकऱ्यास याहून जवळची बाब पाण्याची. मेलबर्न शहरास पाणी पुरविणाऱ्या डोंगरांत सन १९३९ च्या वणव्यानें जुनें वन जळालें व त्या जागीं नवें उगवलें. तेथील अभ्यासांत असें आढळलें कीं, जोमानें वाढणारें कोंवळें वन पाणी अधिक पितें. सुमारें २५-३० वर्षांच्या वनांतून ओढ्यांस मिळणारें पाणी जुन्या वनाच्या मानानें निम्म्यापर्यंत घटूं शकतें.

सरकारी वनांतील लांकूड तोडून विकण्याचें काम सन २००४ पासून विक्फॉरेस्ट्स या सरकारी मालकीच्या कंपनीकडे होतें. कूप आंखावयाचा, तो बहुधा सरसकट तोडावयाचा, पालापाचोळा जाळावयाचा व पुन्हा बीं टाकावयाचें, अशी पद्धत होती. ब्राउन माउंटन येथील जुन्या वनांतील कूप तोडीस निघाले, तेव्हां 'एन्व्हायर्नमेंट ईस्ट गिप्सलँड' या स्थानिक मंडळीनें सन २००९ मध्यें राज्याच्या सर्वोच्च न्यायालयांत दावा लावला. तेथें हरणाऱ्यावर सामान्यतः जिंकणाऱ्याचा खर्चही पडतो. लहानशा मंडळीस हा धोका थोडा नव्हता.

या दाव्याचें मर्म असें कीं, मंडळीनें नवा कायदा मागितला नाहीं. सरकारनें स्वतःच लिहिलेला नियम पाळावा, एवढेंच मागितलें. रात्रीं दिव्याच्या उजेडांत फिरतांना एका किलोमीटरांत १० हून अधिक ग्रेटर ग्लायडर दिसल्यास सुमारें १०० हेक्टर योग्य वन राखून ठेवावें, असें वनाच्या आराखड्यांतच होतें. लोकांनीं रात्रीं हिंडून मोजणी केली. लांब पायांचा पोटोरू हा कांगारूच्या कुळांतील छोटा दुर्मिळ प्राणी आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यांत टिपला. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर गांवकऱ्यांनीं स्वतःच पंचनामा केला. तुम्हांस दाव्याचा अधिकारच नाहीं, ही कंपनीची हरकत न्यायालयानें मानली नाहीं, आणि ऑगस्ट २०१० मध्यें निकाल मंडळीच्या बाजूनें लागला.

सर्वच दावे असे फळले नाहींत. लेडबीटर्स पॉसम या चिमुकल्या प्राण्यासाठीं लढणाऱ्या मंडळीस सन २०२० मध्यें केंद्रीय न्यायालयांत यश आलें; पण सन २०२१ मध्यें अपिलांत तें फिरलें. केंद्र व राज्य यांच्या वनकरारान्वयें तोडीस केंद्रीय कायद्यांतून सूट होती, आणि नियमभंग झाला तरी ती जात नाहीं, असें ठरलें. वस्तुस्थिति सिद्ध करणें जितकें अगत्याचें, तितकेंच योग्य कायदा निवडणेंही अगत्याचें, हा यांतील बोध होय.

सन २०१९-२० च्या वणव्यांत ईस्ट गिप्सलँडचें बरेंच वन जळालें. पुढें ईस्ट गिप्सलँडची ही मंडळी व किंगलेकची एक मंडळी यांच्या दाव्यांत नोव्हेंबर २०२२ मध्यें निकाल झाला कीं, तोडीपूर्वीं संबंध कूपाची पाहणी करून ग्लायडरांचा वावर निश्चित करावा व ती जागा सोडावी. सन २०२३ मध्यें कंपनीचें अपीलही फेटाळलें गेलें. दरम्यान मूळच्या वनांतील व्यापारी तोड २०३० ऐवजीं १ जानेवारी २०२४ पासूनच थांबेल, असें राज्य सरकारनें जाहीर केलें; आणि ३० जून २०२४ रोजीं कंपनी बंद झाली.

दुसरी बाजू झांकून ठेवणें न्याय्य नव्हे. लांकूड तोडणारे, वाहणारे व गिरण्यांत खपणारे मजूर यांचा रोजगार गेला. सरकारनें त्यांस साह्य देऊं केलें, तरी पिढीजात धंदा पैशानें भरून येत नाहीं. पाहणी व नियमपालन आरंभापासून झालें असतें, तर हा आघात इतका एकाएकीं बसला नसता, असें आम्हांस वाटतें.

आपल्या देशांतही दप्तराचें महत्त्व कमी नाहीं. गोदावर्मन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १२ डिसेंबर १९९६ रोजीं ठरविलें कीं, 'वन' याचा अर्थ कोशांतला घ्यावा. शिवाय सरकारी दप्तरीं वन म्हणून नोंदलेली जमीन, मग मालक कोणीही असो, वनसंरक्षण कायद्याखालीं येते. यास्तव ज्या खातेदारांच्या शिवारास वन किंवा देवराई लागून आहे, त्यांनीं सात-बारा व नकाशा आजच पाहून ठेवावा. झऱ्यांची, वृक्षांची व प्राण्यांची नोंद तारीखवार दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशीं करीत जावी, व ती ग्रामसभेपुढें वाचावी. कुऱ्हाड पडल्यावर लिहूं लागणारास नोंदण्याजोगें कांहींच उरत नाहीं.