प्रिंटर ऑफलाइन आणि सकाळी सीईटी

आजचा भाग कुपवाडमधून, आमच्याच घरातून. मागं गाड्यांचा आवाज येतोय तो एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्याचा, तेवढा चालवून घ्या.

तर झालं असं. मे महिना. संध्याकाळी मी एक फॉर्म छापत होतो, तेवढ्यात वळीव आला आणि लाईट गेली. तासाभरानं आली. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या बहिणीची मिरजेत सीईटी. रात्री साडेदहाला मॅडमना आठवलं, हॉल तिकिटाची प्रिंटच काढलेली नाही! छापील कागद नसेल तर गेटवरच अडवणार. झेरॉक्सची दुकानं बंद. घरात प्रिंटर आहे म्हणून मी निवांत. मशीन चालू केलं, कॉम्प्युटरवरनं प्रिंट दाबली. काहीच नाही. कॉम्प्युटर म्हणतोय, ‘प्रिंटर ऑफलाइन’. आणि प्रिंटर तर समोर हिरवा दिवा लावून बसलाय. मी रागारागानं नऊ वेळा प्रिंट दाबली. हे नऊ लक्षात ठेवा.

“दादा, होतंय का नाही ते सांग, नाहीतर मी मैत्रिणीला फोन करते,” बहीण म्हणाली. आवाज रडवेला झालेला.

अशा वेळी आपण सगळे केबल काढतो, घालतो, ड्रायव्हर उडवतो. ते नंतर. आधी एकच गोष्ट करा. स्कॅनरच्या काचेवर एखादा कागद ठेवा आणि प्रिंटरचंच कॉपीचं बटण दाबा. यात कॉम्प्युटर नाही, वायफाय नाही. कॉपी आली तर मशीन चांगलं आहे, घोळ जोडणीत आहे. नाही आली तर कागद, शाई, नाहीतर आत अडकलेला चिटोरा बघायचा. निम्मं काम इथंच होतं. आमची कॉपी आली, पण मध्ये पांढरे पट्टे. म्हणजे दुखणी दोन होती.

पहिलं दुखणं पत्त्याचं. राउटर घरातल्या प्रत्येक वस्तूला एक नंबर देतो, आयपी ॲड्रेस. हा नंबर कायमचा नसतो. लाईट जाऊन आली की राउटर नव्यानं वाटप करू शकतो. आमच्या प्रिंटरला आधी १९२.१६८.१.५ होता. लाईट आल्यावर तो दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनला गेला आणि रात्री उशिरा चालू केलेल्या प्रिंटरला मिळाला ९. कॉम्प्युटर बिचारा जुन्या खोलीचं दार वाजवत बसला. भाडेकरू कधीच खोली बदलून गेलेला!

आता गंमत बघा. फोन बहुतेक वेळा पत्ता लिहून ठेवत नाही. तो प्रत्येक वेळी वायफायच्या गल्लीत ओरडून विचारतो, ‘प्रिंटर कुणी आहे का?’ म्हणून कॉम्प्युटर अडला तरी फोनवरनं प्रिंट निघू शकते. मी सेटिंगमध्ये डोकं घालून बसलो होतो, तोवर बहिणीनं फोनवर पीडीएफ उघडून मेनूतलं प्रिंट दाबलं. आधी सापडला नाही, कारण फोन मोबाइल डेटावर होता. वायफाय लावलं, नाव दिसलं. (तुमच्याकडं तरीही दिसलं नाही, तर राउटरचा बँड बघा. बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ वर त्यांना काही ऐकूच येत नाही.)

तिकीट आलं, पण पट्ट्यांमुळं तिचा फोटो ओळखू येईना. हे दुसरं दुखणं. इंकजेटचं हेड काम संपलं की बाजूला जाऊन झाकणावर बसतं. छापताना लाईट गेली की ते मध्येच उघडं राहतं आणि शाई वाळते. भिंतीवरच्या बटणानं प्रिंटर बंद करू नका म्हणतात ते यासाठीच. आधी त्याचं स्वतःचं बटण दाबा. मेनूतनं हेड क्लीनिंग केलं, नोझल चेकचं पान काढलं, परत एकदा क्लीनिंग. दोनदाच. हावरेपणा नको, प्रत्येक वेळी चांगली शाई आतल्या पॅडमध्ये जाते आणि ते पॅडही भरतं. दोनदा करून भागलं नाही तर काही तास थांबावं. आमचं भागलं. साडेअकराला तिकीट फाईलमध्ये गेलं आणि बहीण झोपायला.

मला मात्र झोप कुठली! प्रिंटरच्या स्क्रीनवर नवा पत्ता बघितला, विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीजमधलं पोर्ट्स उघडलं आणि तिथं नव्या पत्त्याचा टीसीपी/आयपी पोर्ट जोडला. राउटरच्या सेटिंगमध्ये तोच पत्ता प्रिंटरच्या नावानं राखून ठेवला, आता लाईट कितीही वेळा जाऊ दे. यादीत अडकलेली प्रिंट खोडूनही जात नसेल, तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर बंद करायचा, सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरच्या आतलं प्रिंटर्स फोल्डर रिकामं करायचं आणि स्पूलर परत चालू करायचा.

हे मला माहीत होतं. यादी आधी रिकामी करायची, तेवढंच विसरलो. पोर्ट जोडून ओके दाबलं आणि मशीन सुरू झालं. एक तिकीट, दुसरं, तिसरं... मी धावत जाऊन ट्रेमधला कागद उपसेपर्यंत सहा आली होती.

तेवढ्यात पप्पा सेकंड शिफ्ट करून घरात आले. टेबलावरचे कागद बघून म्हणाले, “एवढ्या परीक्षा आहेत व्हय तिच्या?”