एका बाळात तिघांचा डीएनए कसा? उत्तर दडलंय पेशीच्या रचनेत

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी ८ बाळांच्या जन्माची माहिती जाहीर केली. या बाळांमध्ये आई, वडील आणि अंडपेशी दान करणारी स्त्री अशा तिघांचा डीएनए आहे. हे कसं झालं, ते समजण्यासाठी आधी पेशीच्या आत डोकावावं लागेल.

पेशीत काय काय असतं?

माणूस, प्राणी, झाडं आणि बुरशी यांच्या पेशींना दृश्यकेंद्रकी पेशी म्हणतात. त्यांचे मुख्य भाग असे:

• केंद्रक: जवळपास सगळा डीएनए इथेच असतो. जिवाणूंच्या पेशीत असं पटलाने वेढलेलं केंद्रक नसतं.
• रायबोसोम: इथे प्रथिनं तयार होतात.
• आंतर्द्रव्यजालिका: प्रथिनं आणि मेद यांची निर्मिती व वाहतूक.
• गॉल्गी संकुल: प्रथिनांची वर्गवारी करून ती योग्य जागी पाठवतं.
• लयकारिका: पेशीतला टाकाऊ भाग पचवते.
• तंतुकणिका: अन्नातून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा तयार करते.

झाडांच्या पेशींना याशिवाय पेशीभित्तिका असते आणि हिरव्या भागांत हरितलवकं असतात.

तंतुकणिका वेगळी का?

कारण तिचा स्वतःचा डीएनए असतो. माणसात त्यावर फक्त ३७ जनुकं असतात. तंतुकणिका मूळच्या स्वतंत्र जिवाणू होत्या आणि अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीत सामावल्या गेल्या, असं शास्त्रज्ञ मानतात. लिन मार्गुलिस यांनी १९६७ मध्ये ही कल्पना नव्याने मांडली, तेव्हा अनेकांना ती पटली नव्हती.

आणखी एक गोष्ट म्हणजे हा डीएनए बाळाला आईकडूनच मिळतो.

मग अडचण कुठे येते?

आईच्या या डीएनएत गंभीर दोष असेल, तर तो बाळात येऊ शकतो. मेंदू, हृदय आणि स्नायू यांना भरपूर ऊर्जा लागते, त्यामुळे त्यांना जास्त फटका बसतो. काही बाळं तर लहानपणीच दगावतात.

न्यूकॅसलमध्ये आईच्या फलित अंडपेशीतला केंद्रकाचा डीएनए काढून दात्या स्त्रीच्या फलित अंडपेशीत ठेवला गेला. तिथला केंद्रकाचा डीएनए आधीच काढलेला होता. म्हणजे केंद्रकाचा डीएनए आई-वडिलांचा आणि तंतुकणिका दात्या स्त्रीच्या. ब्रिटनने २०१५ मध्ये याला कायद्याने परवानगी दिली.

धोका पूर्ण टळला का?

नाही. केंद्रकाचा डीएनए हलवताना आईच्या काही तंतुकणिकाही सोबत जाऊ शकतात. काही बाळांमध्ये सदोष डीएनए थोड्या प्रमाणात आढळला आहे. म्हणूनच या मुलांच्या तब्येतीवर पुढेही लक्ष ठेवलं जाणार आहे.