रॉ फोटोतला हरवलेला उजेड

लालबागच्या गणपतीच्या मंडपात काढलेल्या फोटोत मूर्तीचा मुकुट पांढराफटक आणि गर्दी काळीकुट्ट आली, तरी ‘रॉमध्ये काढलाय, सगळं परत येईल’ असा अनेकांचा समज असतो. १४ बिटची रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न झालेली नोंद) उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या साठवू शकते; जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ असतात. म्हणून रॉमध्ये वाव जास्त.

पण सेन्सरचा प्रत्येक बिंदू चाळीतल्या नळाखालच्या कळशीसारखा असतो. तळाशी थोडं पाणी असलं तर वापरता येतं. भरून वाहून गेलेलं परत मिळत नाही. तसाच सावलीतला तपशील उजळता येतो, मात्र नॉइज (दाणेदारपणा) वाढलेला दिसतो. तिन्ही रंगांत पूर्ण पांढरा झालेला मुकुट एडिटिंगमधला कुठलाही स्लायडर परत आणत नाही.

म्हणून एक्स्पोजर (आत घेतलेला प्रकाश) मुकुट पाहून ठरवा. गर्दी नंतर उजळता येईल.